सलोख्याची मिरवणूक आणि पोलिसांचा परवाना

सर्व धर्मांच्या लोकांनीं गुण्यागोविंदानें नांदावें, एवढेंच सांगण्यासाठीं कोणी मिरवणूक काढूं म्हटलें, तर तिला हरकत कोण घेणार, असें बहुतेकांस वाटेल. परंतु व्यवहारांत गोष्ट इतकी सोपी नसते. गांवांतील दंग्याची धग पुरती निवालेली नसते, तोंच सलोख्याच्या मिरवणुकीचा अर्ज पोलीस कचेरींत येतो. ज्या वेळीं अशा मिरवणुकीची गरज सर्वांत अधिक, नेमकीं त्याच वेळीं ती नाकारण्याचीं कारणेंही सर्वांत अधिक असतात. हा पेंच सोडवितांना आपल्या न्यायालयांनीं जो मार्ग आंखला आहे, तो प्रत्येक नागरिकानें समजून घेण्यासारखा आहे.

रस्त्यावरून मिरवणूक नेण्याचा हक्क कोणाचा, हा वाद आपल्याकडे जुना आहे. मद्रास इलाख्यांतील सेलम येथें १८८२ सालीं मशीद आणि मिरवणूक यांच्या वादांतून मोठा दंगा झाला. पुढच्याच वर्षीं मद्रासच्या उच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं, सार्वजनिक रस्ता सर्वांचा आहे; इतरांच्या वहिवाटीस अडथळा न आणतां व मॅजिस्ट्रेटचे कायदेशीर हुकूम पाळून कोणत्याही पंथास त्यावरून मिरवणूक नेतां येते. संयुक्त प्रांतांतील औरंगाबाद या गांवचा मोहरमच्या मिरवणुकीचा तंटा तर विलायतेस प्रिव्ही कौन्सिलापर्यंत गेला. तो हिंदु-मुसलमानांचा नव्हता, शिया व सुनी यांचा होता. १९२४ सालीं तेथेंही हेंच तत्त्व कायम झालें. मूळ हक्क नागरिकांचा, आणि त्यास शिस्तीचें वळण लावणें एवढेंच अधिकाऱ्यांचें काम, हें सूत्र इतकें जुनें आहे.

१९५० सालीं राज्यघटनेच्या १९ व्या कलमानें हें सूत्र मूलभूत हक्काच्या पदवीस चढविलें. शांततेनें व शस्त्रांवांचून एकत्र जमण्याचा हक्क प्रत्येक नागरिकास आहे. त्यावर निर्बंध घालावयाचा तर तो वाजवी असला पाहिजे, आणि देशाचें सार्वभौमत्व व अखंडत्व किंवा सार्वजनिक सुव्यवस्था यांच्यासाठींच असला पाहिजे. परंतु घटनेंतील शब्द चौकीपर्यंत पोहोंचावयास वेळ लागतो. १९६९ सालीं अहमदाबाद येथें हिम्मतलाल शहा यांनीं रस्त्यावर सभा घेण्यासाठीं परवानगी मागितली. ती नाकारण्यांत आली. तेथील पोलीस आयुक्तांच्या नियमाप्रमाणें आगाऊ लेखी परवानगी आवश्यक होती. परंतु ती कोणत्या कारणासाठीं नाकारतां येईल, याविषयीं नियमांत अवाक्षर नव्हतें. १९७२ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायमूर्तींच्या पीठानें तो नियम रद्द ठरविला. सभेची जागा, वेळ, रहदारी यांचें नियमन सरकारनें अवश्य करावें. परंतु परवानगी देणें न देणें अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडतां येणार नाहीं, असा त्या निकालाचा मथितार्थ. तो नियम १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याखालीं केलेला होता, आणि तोच कायदा आज महाराष्ट्रांत महाराष्ट्र पोलीस अधिनियम या नांवानें लागू आहे; म्हणून हा निकाल आपल्याही घरचा समजावयास हरकत नाहीं.

या तत्त्वाची अवघड कसोटी तमिळनाडूंत लागली. २ ऑक्टोबर २०२२ रोजीं राज्यांत सुमारें ५० ठिकाणीं संचलन करण्याची परवानगी राष्ट्रीय स्वयंसेवक संघानें मागितली होती. २२ सप्टेंबरला मद्रास उच्च न्यायालयानें ती देण्याविषयीं पोलिसांस आदेश दिला. इकडे थोल. तिरुमावळवन यांचा विदुतलै चिरुतैगळ कच्ची हा पक्ष व डावे पक्ष यांनीं त्याच गांधीजयंतीच्या दिवशीं सामाजिक सलोख्यासाठीं मानवी साखळी उभी करण्याचें जाहीर केलें. तेवढ्यांत २८ सप्टेंबरला केंद्र सरकारनें पॉप्युलर फ्रंट ऑफ इंडिया या संघटनेवर बंदी घातली. वातावरण तंग असल्याचें कारण देऊन पोलिसांनीं संचलन व साखळी या दोहोंसही नकार दिला. सलोख्याचा उद्देश साखळीच्या कामीं आला नाहीं, आणि न्यायालयाचा आदेश संचलनाच्या कामीं आला नाहीं.

पुढील क्रम बोधप्रद आहे. साखळी ११ ऑक्टोबरला ठिकठिकाणीं उभी राहिली. संचलनाचा वाद मात्र लांबला. ४ नोव्हेंबरला उच्च न्यायालयानें ४४ ठिकाणीं अनुमति दिली, परंतु संचलन बंदिस्त आवारांतच व्हावें, अशी अट घातली. १० फेब्रुवारी २०२३ रोजीं दोन न्यायमूर्तींच्या पीठानें ती अट काढून टाकली, आणि ११ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयानें राज्य सरकारचें अपील फेटाळलें. सरकारनें पूर्वीच्या गुन्ह्यांची जी यादी पुढें केली, त्यांतील अनेक प्रकरणांत संघाचे लोक आरोपी नसून इजा पोहोंचलेले होते, हें न्यायालयानें नमूद केलें. १६ एप्रिलला ४५ ठिकाणीं संचलन पार पडलें.

येथें सलोख्याच्या पुरस्कर्त्यांस एक गोष्ट कडू औषधाप्रमाणें गिळावी लागते. ज्या संचलनास त्यांचा विरोध होता, त्याच्या बाजूनें लागलेला निकाल हाच उद्यां त्यांच्या साखळीचा आधार आहे. तसेंच संचलन करणारांसही साखळीचा हक्क मानल्यावांचून गत्यंतर नाहीं. आमचा हेतु चांगला, म्हणून आम्हांस रस्ता द्या, असें म्हणणें म्हणजे कोणाचा हेतु चांगला हें ठरविण्याचा अधिकार फौजदाराच्या हातीं देणें होय. फौजदारानें हेतूची परीक्षा करूं नये. मार्ग कोणता, वेळ किती, जमाव केवढा, शस्त्रें वा चिथावणी आहे काय, एवढेंच त्यानें पाहावें. विरोधक दंगा करतील अशी भीति असेल, तर बंदोबस्त विरोधकांचा व्हावयास हवा. १९८९ सालीं एका तमिळ चित्रपटाच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें हेंच सांगितलें कीं, मोर्च्यांच्या व हिंसेच्या धमक्यांपुढें नमून विचारस्वातंत्र्य दडपतां येत नाहीं.

म्हणून पोलिसांची बाजू लटकी आहे, असें नव्हे. दंगा झाला तर जबाबदारी त्यांच्या माथीं येते, आणि एक चुकीचा होकार कित्येकांच्या जिवावर बेतूं शकतो. परंतु सरसकट नकारानें ही जबाबदारी पार पडत नाहीं. जमावबंदीचें जुनें १४४ वें कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ व्या कलमांत आलें आहे. जुन्या कलमाखालील हुकुमांस सबळ कारणें नमूद केलेलीं असावींत, आणि ते लोकांस पाहावयास मिळावेत, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं अनुराधा भसीन यांच्या खटल्यांत बजावलें. कलमाचा अंक पालटला, म्हणून ही शिकवण पालटत नाहीं.

राहतां राहिली तारखेची गोष्ट. न्यायालयांत हक्क मिळतो, पण पुष्कळदां दिवस निघून जातो. गांधीजयंतीची साखळी नऊ दिवसांनीं झाली. संचलनास साडेसहा महिने थांबावें लागलें. याकरितां अर्जदारानें मार्ग, वेळ, अंदाजी संख्या व जबाबदार स्वयंसेवकांचीं नांवें देऊन लवकर अर्ज करावा, आणि अधिकाऱ्यानें नकार द्यावयाचाच तर तो सकारण, लेखी आणि न्यायालयांत दाद मागतां येईल इतका आधीं द्यावा. आदल्या संध्याकाळीं हातीं पडणारा नकार हा हक्क न नाकारतांही हिरावून नेतो.

सलोख्याची पहिली परीक्षा मिरवणुकींतील घोषणांत होत नाहीं. आपल्यास न रुचणारी मिरवणूक त्याच रस्त्यानें, त्याच नियमांनीं शांतपणें जाऊं देण्यांत ती होते. तेवढें ज्या गांवास साधलें, त्या गांवांत पोलिसांचा परवाना हा केवळ रहदारीचा कागद उरेल.