छोटी केस आणि खान्देशी ऊन

जळगाव-धुळ्यात मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो. आता साधा हिशोब बघा. पंखा खोलीतल्याच हवेने प्रोसेसर गार करतो. खोली 25 अंशांवर असताना प्रोसेसर 75 दाखवत असेल, तर 45 च्या खोलीत तेच काम करताना तो 95 च्या आसपास जाणार. तिथे बरेच प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतात.

म्हणून छोट्या केसमध्ये पंखे वाढवण्याआधी हवेची वाट मोकळी करा. पुढून हवा आत, मागून-वरून बाहेर. वायरी बांधा, जाळीवरची धूळ झटका, केस भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. कूलरचा ओला झोत मात्र केसवर नको. तरीही भागलं नाही, तर बायोसमध्ये प्रोसेसरची वॅटमर्यादा उतरवा. वेग थोडाच जातो, उष्णता बरीच कमी होते.