कामाला नाव, नावाला कागद

(मावळातील कामगार व तरुण यांच्यासमोर केलेले भाषण)



आपल्या या मावळात कार्ल्याचे लेणे आहे. तेथे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा एक लेख कोरलेला आहे. धेनुकाकटाच्या सामी नावाच्या सुताराने हे द्वार केले, असे तो सांगतो. राजाचे नाव दगडावर राहते यात नवल नाही. परंतु हाताने काम करणाऱ्याचे नाव इतकी शतके टिकते, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. आज त्याच लेण्याच्या आसपास, तळेगावच्या औद्योगिक वसाहतीत व लोणावळ्याच्या हॉटेलांत, आपली मुले राबत आहेत. त्यांचे नाव कोणत्या कागदावर आहे?

हल्ली माणसांना 'मनुष्यबळ' म्हणतात व कामाच्या भविष्यावर परिषदा भरतात. यंत्रमानव येणार, उमेदवारांची निवड संगणक करणार, कायम नोकरीऐवजी गरजेपुरते काम मिळणार, असे तेथे सांगितले जाते. हे ऐकून आपण दिपून जाऊ नये. यातील यंत्र नवे आहे. व्यवहार पुष्कळसा जुना आहे.

महार वतन आठवा. वतनदाराला कामाचे तास नव्हते. रात्री-अपरात्री बोलावणे येई. तो घरी नसला तर घरातील दुसऱ्यास जावे लागे. काम सरकारचे, पण मोबदला बहुतांशी बलुत्याच्या रूपाने गावाच्या मर्जीवर. मग धनी कोण? याचे सरळ उत्तर कोणीच देत नसे. हे जोखड काढण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बिल मांडले. कनिष्ठ वतने कायद्याने नष्ट व्हावयास मात्र १९५८ साल उजाडावे लागले.

आता आजचे चित्र पाहा. वकील या नात्याने माझ्याकडे जे तरुण येतात, त्यांतील एकाच्या अंगावर गणवेश कंपनीचा, हुकूम कंपनीचा, पण गळ्यातील ओळखपत्र ठेकेदाराचे. ठेकेदार बदलतो, माणूस व यंत्र तेच राहते, आणि नोकरीचा काळ पुन्हा शून्यापासून मोजला जातो. दुसरा वर्षानुवर्षे 'शिकाऊ'. आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याप्रमाणे शिकाऊ उमेदवार हा कामगार ठरत नाही. तिसरा मोबाईलवर हुकूम येताच दुचाकीवरून घरोघर जेवण पोहोचवितो. त्याला 'भागीदार' म्हणतात. त्याचा धनी तर डोळ्यांना दिसतही नाही. वतन जन्माने गळ्यात पडे, ही कामे तशी नाहीत. हा भेद मोठा आहे व तो मी नाकारीत नाही. परंतु जबाबदार धनी न सापडणे, ही खूण दोहोंत एकच आहे.

कागदावरील नावाचे मोल काय, हे तळेगावनेच दाखविले आहे. जनरल मोटर्सच्या तेथील कारखान्यातील उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबले. पुढे २०२३ साली जमीन, इमारती व यंत्रे ह्युंदाईने घेण्याचा करार झाला. यंत्रांना नवा धनी मिळाला. कामगारांना न्यायालयाची वाट धरावी लागली. परंतु ते निदान न्यायालयात उभे तरी राहू शकले, कारण त्यांचे नाव हजेरीपटावर होते. ज्याचे नाव कोठेच नाही, तो कोणत्या दारात उभा राहणार?

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर १९४६ साली आला, तो त्यांच्या खटपटीने. पुढे संविधानाच्या २३ व्या कलमाने वेठबिगारी निषिद्ध झाली आणि किमान वेतनाहून कमी पैशांत काम करून घेणे हीही वेठबिगारीच होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली दिला.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांत उणिवा आहेत. कामगारकपात किंवा कारखाना बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी घेण्याचे बंधन पूर्वी शंभर कामगारांच्या कारखान्यास होते, ते आता तीनशेंवर नेले आहे. हे कामगाराच्या हिताचे नाही. परंतु त्याच संहितांत नेमणूकपत्र देण्याचे बंधन आहे, मुदतबंद कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे आणि मोबाईलवरून काम घेणाऱ्या कंपन्यांनी आपल्या कामगारांच्या सामाजिक सुरक्षेसाठी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम द्यावी, अशी तरतूद आहे. जे वाईट आहे त्याशी लढू. जे मिळाले आहे ते पदरात पाडून घेऊ.

म्हणून माझे सांगणे एवढेच आहे. पहिल्याच दिवशी नेमणूकपत्र मागा. वेतनचिठ्ठी, हजेरीची नोंद, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक जपून ठेवा. ठेकेदार बदलला तरी जुने कागद फेकू नका. सलग नोकरीचा पुरावा तोच. आणि हे मागावयास एकटे जाऊ नका. एकट्याने मागितले तर त्याला उद्धट म्हणतात. पन्नास जणांनी मागितले तर त्याला मागणी म्हणतात.

सामीचे नाव दगडावर राहिले. तुमचे नाव निदान कागदावर यावे. ते कोणी आपण होऊन लिहिणार नाही. ते तुम्हांलाच लिहून घ्यावे लागेल.

जय भीम.