जागा मिळाली, प्रवासाचं काय?



१६ नोव्हेंबर २०२२ रोजी फ्लोरिडातून ‘आर्टेमिस-१’ मोहिमेचा एसएलएस अग्निबाण उडाला. चंद्राच्या वाटेवर सुमारे २७ टन वजन नेण्याची त्याची ताकद. ओरायन यानाखालच्या कड्यासारख्या जोडभागात दहा छोटे उपग्रह बसवले होते. प्रत्येक जाडजूड शब्दकोशाएवढा, आणि सगळ्यांचं मिळून वजन दीडशे किलोच्या आत. त्यांतल्या बहुतेकांना ठरलेलं काम पूर्ण करता आलं नाही. सौरशिडावर लघुग्रहाकडे जाणाऱ्या ‘निआ स्काउट’शी संपर्कच झाला नाही. चंद्रावर उतरू पाहणारा जपानचा ‘ओमोतेनाशी’ गरगरत राहिला आणि त्याच्या सौरघटांना ऊन मिळालं नाही. ‘लूनाएच-मॅप’च्या इंधनाची झडप अडकून बसली. त्यावरून निष्कर्ष निघाला की एवढीशी यानं पृथ्वीजवळच बरी, दूरचं अवकाश त्यांच्या आवाक्यातलं नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. यांतल्या बऱ्याच अडचणींचं मूळ उपग्रहांच्या आकारात नाही, त्यांना दिलेल्या वागणुकीत आहे. आपण त्यांना जागा दिली, प्रवासाची सोय दिली नाही.

उड्डाणाआधीच्या वर्षाचा हिशोब पाहा. २०२१च्या ऑक्टोबरपर्यंत हे उपग्रह अग्निबाणात बसवून झाले होते. मग चाचण्या लांबल्या, हायड्रोजनची गळती झाली, ऑगस्टच्या अखेरीस आणि सप्टेंबरमध्ये उड्डाणं रद्द झाली, वादळ आलं. उपग्रह वर्षभराहून अधिक काळ आतच. काहींच्या बॅटऱ्या मधल्या काळात भारित करता आल्या. काहींच्या रचनेत तशी सोयच नव्हती. ‘बायोसेंटिनल’ची गोष्ट तर मन लावून ऐकण्यासारखी आहे. दूरच्या अवकाशातल्या किरणोत्साराचा सजीव पेशींवर काय परिणाम होतो, हे पाहण्यासाठी त्यात वाळवलेल्या यीस्टच्या पेशी होत्या. सूक्ष्म नळ्यांतून पोषकद्रव सोडायचा, पेशी जाग्या व्हायच्या आणि रंग बदलला की वाढ मोजायची. यान ठणठणीत होतं, चंद्राजवळून पुढे जाऊन सूर्याभोवतीच्या कक्षेत गेलं, त्याचा किरणोत्सारमापक वर्षानुवर्षं माहिती पाठवत राहिला. यीस्ट मात्र वाढलं नाही. उड्डाणाआधीच्या लांबलेल्या साठवणुकीत पेशी मेल्या असाव्यात, असा मोहिमेतल्या शास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे. ज्या प्रयोगासाठी यान बांधलं, तो प्रयोग बहुधा जमिनीवर वाट पाहण्यातच संपला होता. याला छोट्या यानाचं अपयश कसं म्हणायचं?

उलट बाजूचा पुरावा भक्कम आहे. २०१८मध्ये नासाचं ‘इनसाइट’ यान मंगळावर उतरत असताना ‘मार्को’ या जुळ्या उपग्रहांनी तिथली वार्ता थेट पृथ्वीकडे पोचवली, पाठोपाठ पहिलं छायाचित्रही. सप्टेंबर २०२२मध्ये नासाचं ‘डार्ट’ यान डायमॉर्फोस या लघुग्रहावर आदळलं, तेव्हा उडालेल्या धुळीची जवळून छायाचित्रं घेणारा इटलीचा ‘लिसियाक्यूब’ तसाच छोटा होता. आणि आर्टेमिसच्याच दहांपैकी जपानच्या ‘इक्वुलियस’ने साध्या पाण्याची वाफ सोडून चंद्राजवळून आपला मार्ग वळवला. मार्को आणि लिसियाक्यूब मुख्य मोहिमेला जोडूनच आखले गेले होते, त्यांचं वेळापत्रक तिच्याशी बांधलेलं होतं. एसटीच्या टपावर टाकलेलं गाठोडं आणि आत तिकीट काढून बसलेला उतारू, इतका हा फरक आहे.

छोट्या उपग्रहांना बसवल्यानंतरही वीज मिळत राहावी असं म्हटलं, की पहिला आक्षेप येतो सुरक्षिततेचा. माणसं नेण्यासाठी बांधलेल्या अग्निबाणात पाहुण्या उपग्रहासाठी झाकणं उघडायची का? हा आक्षेप मी हलका मानत नाही. मुख्य यानाला धक्का लागता कामा नये, हा नियम योग्यच आहे. पण बाहेरून वीज देणारी तार जोडभागाच्या आराखड्यातच घेतली, तर झाकण उघडावं लागत नाही. आपल्याकडे इस्रोने पीएसएलव्ही अग्निबाणाचा चौथा टप्पा ‘पोएम’ म्हणून कक्षेत चालू ठेवून त्यावरच्या उपकरणांना वीज आणि संदेशवहन पुरवलंच आहे. पृथ्वीजवळ जे जमलं, त्याचा विचार चंद्राच्या वाटेवर का होऊ नये?

दुसरा आक्षेप असा की मोठ्या अग्निबाणाची वाट पाहण्यापेक्षा छोटा स्वतंत्र अग्निबाण बरा. ‘कॅपस्टोन’ हा छोटा उपग्रह २०२२च्या जूनमध्ये ‘इलेक्ट्रॉन’ या छोट्या अग्निबाणावरून तसाच गेला आणि नोव्हेंबरमध्ये चंद्राच्या कक्षेत पोचला. वाट खरी आहे. पण २५ किलोच्या एका यानासाठी पूर्ण अग्निबाण लागला. तेवढा खर्च कोणतं महाविद्यालय करील? पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा एक किलोहून किंचित हलका ‘स्वयम्’ आणि आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ हे दोन्ही २०१६मध्ये पीएसएलव्हीच्या उड्डाणांत इतरांच्या सोबतीनेच गेले. विद्यार्थ्यांची वाट ही सोबतीचीच आहे, म्हणून सोबतीच्या अटी सुधारायला हव्यात.

एक अडचण मात्र अग्निबाणापलीकडची आहे, ती ऐकण्याची. छोट्या यानाचा आवाज क्षीण असतो आणि मोठ्या अँटेनांवर मुख्य मोहिमांचा हक्क आधी. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने १९ ऑक्टोबर २०१६ रोजी मंगळावर उतरणाऱ्या युरोपच्या ‘स्कियापारेली’ यानाचा क्षीण संदेश पकडला होता. ते रोजचं काम त्या दुर्बिणीचं नव्हे, आणि ती आज्ञा पाठवूही शकत नाही. पण अग्निबाणापासून सुटकेनंतरच्या पहिल्या काही तासांत, यान गरगरतंय की उन्हाकडे तोंड करून आहे एवढं कळायला, असा एक कान पुष्कळ आहे. म्हणून उपग्रह बांधणाऱ्या, शिकवणाऱ्या व शिकणाऱ्यांच्या या परिषदेने आपल्या ठरावात तीन गोष्टी मागाव्यात असं मी सुचवतो: पुढच्या चांद्रमोहिमांच्या आराखड्यात छोट्या उपग्रहांसाठी बाहेरून वीज देण्याची सोय, नाशवंत प्रयोग शेवटच्या आठवड्यांत बसवण्याची मुभा, आणि सुटकेनंतरच्या पहिल्या दिवसासाठी अँटेनांचा राखीव वेळ.