पृथ्वीच्या जात्यातील खडक

भोपाळच्या श्यामला टेकडीवरील वालुकाश्मात एकावर एक बसलेले थर कोणालाही दिसतात. प्राचीन काळी उथळ पाण्यात वाळू संथपणे साचत गेली, तिचे हे थर होत. परंतु खडकातील प्रत्येक रेघ अशी शांततेत उमटलेली नसते. नर्मदा ओलांडून सातपुड्यात शिरावे आणि छिंदवाडा जिल्ह्यातील कन्हान नदीचे खोरे गाठावे. तेथील कित्येक खडकांत पातळ पापुद्रे आढळतात; ते साचून झालेले नसून भूकवचाच्या ओढाताणीतून निर्माण झाले आहेत.

या खडकास मायलोनाइट म्हणतात. स्कॉटलंडमधील अशा खडकास चार्ल्स लॅपवर्थ यांनी १८८५ मध्ये हे नाव दिले, ते जाते या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. भूकवचाचे दोन खंड एकमेकांस घासत सरकताना मधला खडक दळला जातो, अशी त्यांची कल्पना. पुढे सूक्ष्मदर्शकाने निराळीच हकीकत सांगितली. दहा-पंधरा किलोमीटर खोलीवर, सुमारे ३०० अंश सेल्सिअसहून अधिक उष्णतेत, गारगोटीचे स्फटिक फुटत नाहीत. घनरूपातच ते ताणले जातात व त्यांतून बारीक नवे स्फटिक घडतात. फेल्स्पार अधिक चिवट. त्याचे कण डोळ्यांसारखे शिल्लक राहतात आणि पापुद्रे त्यांना वळसा घालून जातात. या डोळ्यांच्या शेपट्या पाहून कोणता खंड कोणीकडे सरकला, हे भूशास्त्रज्ञ ओळखतो. तेव्हा हा खडक पिठापेक्षा तिंबलेल्या कणकेला अधिक जवळचा.

कन्हान खोऱ्यातील हा पट्टा गाविलगड–तान या नावाने ओळखला जातो. पश्चिमेस तो दख्खनच्या काळ्या खडकाखाली झाकला जातो. पूर्णेच्या मैदानावर उतरणारा गाविलगड डोंगराचा कडा त्याच रेषेवर आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा तो काळा खडकही तेथे भंगलेला आहे. म्हणजे त्याहून कितीतरी प्राचीन असलेला हा पट्टा नंतर पुन्हा हलला. कन्हानकाठी मायलोनाइटमध्ये काळ्या काचेसारख्या शिराही सापडतात. वेगवान घर्षणाने खडक क्षणात वितळून त्या बनल्या. प्राचीन भूकंपांच्याच त्या खुणा होत.

भूकवचाची जुनी जखम सहसा पुरती भरून येत नाही. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूर हादरले आणि तीसहून अधिक माणसे दगावली. तो धक्का याच पट्ट्याच्या उत्तरेस, नर्मदेच्या खोऱ्यातील दुसऱ्या एका जुन्या प्रस्तरभंगावर, सुमारे ३५ किलोमीटर खोलीवर उद्भवला होता. धरणाचा पाया घालण्यापूर्वी अथवा नगर वसविण्यापूर्वी खडकातील असे पापुद्रे वाचून घ्यावेत, ते याचसाठी.