दारू सुटेपर्यंत



दारू वाईट, हे सांगावयास आम्ही आज उभे नाही. ते खानदेशास कोणी शिकवावे असे नाही. १९३८ च्या सुमारास तळोदे भागात गुलाम महाराजांनी हाक दिली आणि हजारो आदिवासींनी दारू सोडली. १९७२-७३ च्या सुमारास शहाद्याकडील आदिवासी स्त्रियांनी गुत्त्यांवर चालून जाऊन दारूची मडकी फोडली. तळोदे व शहादे हे भाग पूर्वी धुळे जिल्ह्यातच होते. १९९८ पासून ते नंदुरबार जिल्ह्यात आहेत. या दोन्ही चळवळींपुढे आम्ही नम्र आहोत. परंतु मडके फुटले, तरी ज्याच्या अंगात दारू मुरली आहे तो माणूस उरतोच. आजचा विषय तो माणूस आहे.

एक प्रसंग सांगतो. चोपड्याकडील आमच्या ओळखीचे एक शेतकरी, वीस वर्षांचे रोजचे पिणारे. आखाजीच्या दिवशी त्यांनी दारू सोडण्याची शपथ घेतली. भरीस आम्हीच घातले होते. घरात आनंद झाला. दुसऱ्या दिवशी हात थरथरू लागले. तिसऱ्या रात्री त्यांना भिंतीवर मुंग्या दिसू लागल्या, कोणी मारावयास आले आहे असे ते ओरडू लागले. घरच्यांना वाटले, बाहेरची बाधा. भगताकडे अर्धा दिवस गेला आणि वाटेत आकडी आली. दवाखान्यात ते वाचले, हे नशीब. शपथ चांगली होती. अडाणी आम्ही होतो.

वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली, तर पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊ शकतो. योग्य उपचार न मिळाल्यास माणूस दगावू शकतो. म्हणून अशा माणसाने दारू सोडावी ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. त्याच्या शरीरात बहुधा ब-१ जीवनसत्त्वाची तूट असते. ती भरली नाही तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. हेही डॉक्टरांचेच काम.

आणि जो आज सोडावयास तयार नाही, त्याचे काय? त्याला मरू द्यावयाचे काय? १९५० मध्ये मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली, पण हातभट्टी विझली नाही. २०१५ साली मुंबईत मालवणीस विषारी दारूने शंभरावर माणसे गेली. मिथेनॉल वासाने किंवा रंगाने ओळखू येत नाही. प्यायल्यानंतर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी डोळ्यांपुढे धूसर झाले, पोटात दुखू लागले, तर ती नेहमीची उतार नव्हे; ताबडतोब मोठे रुग्णालय गाठावे. वेळीच पोचल्यास जीव आणि दृष्टी वाचू शकते.

बाकीच्या गोष्टी घरगुती आहेत. उपाशीपोटी पिऊ नये. झोपेच्या गोळ्यांबरोबर कधीही नाही. प्यालेल्याने मोटारसायकलीची किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. बाजाराच्या दिवशी मजुरी आधी घरात पोचावी, मग तो कोठेही जावो. बेशुद्ध पडलेल्यास कुशीवर वळवून ठेवावे, एकटे सोडू नये.

कोणी म्हणेल, "ही तर पिण्याला परवानगीच झाली!" नाही. दारूचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्टच सांगितले आहे. व्यसन जडलेल्याने ती पुरती सोडणे, हेच उत्तम. परंतु विहिरीत पडलेल्यास आधी दोर टाकतात. काठावर उभे राहून पोहण्याचे महत्त्व सांगत नाहीत.

हा दोर फार महाग नाही. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी अतिमद्यपान करणाऱ्या पुरुषांशी थोड्या बैठकांत शांतपणे बोलून पाहिले. २०१७ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. तीन महिन्यांनी त्यांच्यापैकी ३६ टक्के धोक्याच्या पिण्यातून बाहेर आले होते. ज्यांना केवळ नेहमीचे उपचार मिळाले त्यांच्यात २६ टक्के. अंतर थोडे दिसते. पण शंभरांत दहा घरे म्हणजे थोडी घरे नव्हेत.

गोव्यास जे जमले ते जळगाव-धुळ्याच्या आरोग्य केंद्रांत का जमू नये?

चोपड्याचे ते गृहस्थ दोनदा पुन्हा प्याले. दोन्ही वेळा त्यांच्या पत्नीने त्यांना जेवावयास वाढले आणि सकाळी दवाखान्यात नेले. तिसऱ्या खेपेस दारू सुटली. त्या बाईंनी हे शास्त्र कोठेही वाचले नव्हते. दारू सुटेपर्यंत माणूस जिवंत राहिला पाहिजे, एवढेच त्यांना कळत होते. आम्हांस ते त्यांनीच शिकविले.