वाडीवरच्या शिक्षकाला सोबत



वाडीवरची दोन शिक्षकांची शाळा तुमच्या पाहण्यातली आहेच. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळेत 60 पटापर्यंत शिक्षक दोन; इयत्ता मात्र चार किंवा पाच. त्यातले एक गुरुजी बैठकीला गेले, की दुसरे एकटेच! अडचण विचारावी, तर जवळची शाळा डोंगरापलीकडे.

तुम्ही म्हणाल, हल्ली मोबाईल आहे, त्यावर केंद्राचा ग्रुप आहे. आहे खरा. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली, तेव्हा त्याचाच आधार होता. पण एरवी त्यावर येतं काय? 'माहिती आजच पाठवा.' खाली दहा अंगठे. हुकूम पोचला, माणसाची विचारपूस कुणी केली?

मग करावे काय? शिक्षण परिषदेत परिपत्रके वाचण्यात वेळ दवडू नये. ती फोनवर वाचता येतात. तिथे प्रत्येकाने आपली एक खरी अडचण मांडावी, आणि केंद्रप्रमुखांनी आपली सर्वांआधी. कुणी म्हणेल, 'माझ्या तिसरीला हातच्याची वजाबाकी जमत नाही.' दुसरा सांगेल, 'मी दहा काड्यांची जुडी सोडून दाखवतो.' आठ दिवसांनी त्याने आठवणीने फोन करावा, 'काय बाई, जमलं का?' अशा एका प्रश्नाने पुढच्या महिन्यापर्यंत धीर पुरतो.

आणि गावकरी मंडळी, शाळा सुटल्यावर गुरुजींना कधी चहाला बोलवा. पोरांच्या अभ्यासाची गोष्ट तिथे आपोआप निघेल.