गोळी लपवायची कुठं?

आपल्या मावळातली एचआयव्हीसोबत जगणारी माणसं गोळ्या आणायला लोकलनं थेट ससूनपर्यंतही जातात. दिवसाची हजेरी बुडते. का? तर जवळच्या दवाखान्यात केसपेपर काढणारा ओळखीचा निघाला तर!

गोळ्या २००४पासून सरकारी एआरटी सेंटरवर फुकट मिळतात. आता बहुतेकांना दिवसाला एकच, टीएलडी, तीन औषधं एकात. घेणं अवघड नाही हो, लपवून घेणं अवघड आहे. पाहुणे आले, रूमवर चौघं, लोणावळ्यात डबल शिफ्ट... गोळी राहिली. असे खाडे वाढले की व्हायरस पुन्हा डोकं वर काढतो, मग औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. अंगात ताकद आहे म्हणून निवांत राहू नका, व्हायरल लोड तपासा. तो टेस्टमध्ये दिसेनासा झाला आणि तसाच टिकला, तर सेक्समधून जोडीदाराला एचआयव्ही जात नाही. हे लग्न ठरवताना किती जणांना माहीत असतं?

गोळी विसरली तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या, दुसऱ्या दिवशी डबल नको. तब्येत स्थिर असेल तर एकदम तीन महिन्यांच्या मिळतील का, विचारा. गाव बदललं तर सेंटरची ट्रान्सफर मागा. काही अडलं तर १०९७, हा फोन फुकट आहे.